दोन बोटांनी आवळायचा बोल्ट

दिवाळी सरली आणि माझ्या फोनवर एक फोटो आला. सिमेंटच्या ओट्यावर काळ्या तेलाचं थारोळं, त्यात चिकटलेलं कोंबडीचं पीस, आणि वर मोटरसायकलच्या इंजिनाचं पोट. खाली मजकूर:

'सर, तुमच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे गाडीचं ऑईल मी स्वतः बदललं. लिहिल्याप्रमाणे सगळी ताकद लावली. तरी गळतं. पुढे काय करायचं ते पत्रकात लिहिलेलं नाही. कृपया कळवावे. सविता, आरोग्य सेविका, नंदुरबार जिल्हा.'

पत्रक माझंच होतं. इचलकरंजीत आमच्या घरी पत्रकं धान्यासारखी यायची. आई यंत्रमाग कामगारांसाठी ती लिहायची, बाबा छापून आणायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी लहानाचा मोठा झालो. सणाला पोळी निवायला ठेवायची तीसुद्धा 'बोनस ही भीक नव्हे' वर. त्यामुळे मोठा झाल्यावर मला मत झालं की मी ते छापतो. बोलून दाखवणं वगैरे किरकोळ गोष्टी मला पुरत नाहीत.

मोटरसायकलवर पत्रक काढलं त्याचं कारण काच. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी काचेच्या आत जाते आणि मालक काचेच्या बाहेर बसून मासिक चाळतो. आत काय केलं ते कळत नाही, बाहेर बिल तेवढं येतं. नव्या गाड्यांचं तर विचारूच नका. प्लास्टिकच्या कवचाखाली प्लास्टिकचं कवच, आणि प्लग पाहायचा तर निम्मी गाडी उतरवायची. गाडी बांधतानाच अशी बांधतात की मालकाचा हात आत पोहोचू नये. म्हणून मी 'आपली गाडी, आपला पाना' हे पाच कलमांचं पत्रक काढलं. इथे त्यातली दोनच सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांचा आहे.

कलम तीन: बोल्टाखालची चकती, म्हणजे वायसर, जुनंच परत बसवा. नव्या वायसरच्या नावाखाली कंपनीची तिजोरी भरू नका!

कलम चार: बोल्ट सगळी ताकद लावून आवळा. ढिला बोल्ट म्हणजे ढिला निर्धार!

चौथं कलम आईला फार आवडलं होतं.

मी सविताबाईंना फोन लावला. चार वेळा तुटला, पाचव्यांदा लागला. पत्रक त्यांना कुठे मिळालं, हे मी आधी विचारलं. माणसाने लाज बाळगायला हवी, पण कुतूहल जिंकतं.

"नाशिकला ट्रेनिंगला गेले होते," त्या म्हणाल्या. "भजी त्यात बांधून आली. तेल पुसून वाचलं."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांच्या उपकेंद्राच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. येत्या बुधवारी तिथे लसीकरण. मागच्या महिन्यात गाडी गळत होती म्हणून त्या जाऊ शकल्या नाहीत. आणि गुरुवारी सकाळी पाड्यावर ट्रक येणार होता. अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जाणार, पोरंबाळं घेऊन, ते थेट होळीला परत. म्हणजे बुधवार हुकला की पोरांच्या लशी हुकल्या. लशीचा डबा बर्फात असतो, चढावर तो घेऊन चालत गेलं तर पाणी होतं.

"फोनवर उपाय सांगितला तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"मी येतो," मी म्हणालो.

पत्रकं काढणाऱ्या लोकांना स्वतः हजर व्हायची भारी हौस असते.

रविवार, विसरवाडी

इचलकरंजी ते विसरवाडी हा प्रवास दोन दिवसांचा आणि पाठीच्या कण्याचा आहे, तो गाळतो. माझी गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिच्या एका बाजूचं झाकण हरवलंय, तिथे मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवलाय. त्यावर अजून 'शुद्ध शेंगदाणा' वाचता येतं. मला तिचा अभिमान होता. होता, असंच म्हणतो.

विसरवाडी म्हणजे हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला चहा, टायर आणि ट्रक. मी एका गॅरेजसमोर गाडी लावली, शेजारच्या ढाब्यावर शेवभाजी मागवली. आमच्याकडे तांबड्या रश्श्याची फुशारकी मारतात. या शेवभाजीने पहिल्याच घासाला ती फुशारकी माझ्या नाकातून बाहेर काढली. मग डोळे पुसत पुसत, सवयीने, गॅरेजवाल्याला एक पत्रक दिलं. जाडजूड माणूस, खांद्यावर ट्यूब. त्याने हात पुसले आणि बाकावर बसलेल्या दोन ड्रायव्हरांना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. चौथ्या कलमाला थांबला. परत वाचलं. मग हसायला लागला, ते ट्यूब खांद्यावरून घसरेपर्यंत.

"हाई कोनी लिखं, भो?"

"मीच लिहिलंय."

त्याने चक्क हात जोडले. "भाऊ, तुन्हामुये मन्हा धंदा चाली ऱ्हायना. आखो लिख. खूप लिख!"

ड्रायव्हर हसत होते. मी त्याला मनातल्या मनात 'दुरुस्ती धंद्यातला भांडवलदार' असं नाव दिलं आणि पुढे निघालो. तो मला बिनपैशाचा सल्ला देत होता, हे कळायला मला दोन दिवस लागले.

सोमवार, मिरची आणि मग डोंगर

नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात. त्याला इथे पथारी म्हणतात. डोळा पोहोचेल तिथवर लाल, आणि त्या लालमध्ये तोंडाला फडकं बांधून बसलेल्या बाया देठ खुडतात. मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि गाडी गुदमरल्यासारखी बंद पडली. मला आनंद झाला. बायांच्या समोर स्वतःची गाडी स्वतः उघडायची, याहून चांगलं जिवंत पत्रक कोणतं?

एअर फिल्टर काढला आणि दोन तळहातांवर जोरात आपटला.

पुढचा काही वेळ मला काही दिसलं नाही. त्या फिल्टरने पथारीवरून येताना वाऱ्यातली मिरची पोटभर खाल्ली होती. मी शिंकलो, डोळे चोळले, म्हणजे त्याच हातांनी चोळले, आणि रस्त्याच्या मधोमध नाचलो.

"गाडीले फोडणी दी ऱ्हायना का रे भाऊ?" एक बाई ओरडली. सगळी पथारी हसली.

तिनेच मग ओलं फडकं आणून दिलं. "चोयू नको, नुसतं दाबी धर," म्हणाली. तिच्या हाताला मिरची रोजची, पण ती आपल्या डोळ्याला कधी हात लावत नाही. घाम आला तर कोपराने पुसते. एवढी साधी गोष्ट. मी तिला पत्रक द्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "माले वाचता येत नही. पन तुन्हा तोंडवर सगळं छापेल शे."

तापीचा पूल ओलांडला, शहादा मागे टाकलं, आणि केळी संपून डोंगर सुरू झाले. इथून पुढे मला एक गोष्ट दिसायला लागली. समोरून येणारी प्रत्येक मोटरसायकल कंपनीने बनवल्यापेक्षा वेगळी होती. मागे जाड गजाचं कॅरियर, इंजिनाखाली लोखंडी पत्रा, सायलेन्सर वर उचललेला, पुढचं मडगार्ड उंच केलेलं. एका चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला म्हणाला, "नवी गाडी आणली की आधी वेल्डरकडे नेतात. मग नारळ फोडतात."

आमच्याकडे आधी देवळात नेतात, लिंबू-मिरची बांधतात आणि सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढत नाहीत. इथे पहिल्याच दिवशी चेसिसला वेल्डिंगच्या ठिणग्या. कंपनीने शहरातल्या गुळगुळीत रस्त्यासाठी बांधलेली गाडी ही माणसं नव्याने बांधून घेतात, तीन माणसं आणि दोन पोती गृहीत धरून. मी पाच कलमं लिहिली, त्यात हे नव्हतं. टपरीवर बसूनच सहावं कलम लिहून टाकलं. घाई हा आमच्या घराण्याचा दोष आहे.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, ओटा आणि एक फणकारा करणारी कोंबडी. सविता पावरा तिशीच्या आसपासच्या, बारीक, आणि आवाज कधीही न चढवणाऱ्या. घरी पावरी बोलतात, माझ्याशी शाळेतलं नेटकं मराठी. त्यांची गाडी पाच वर्षांची, शंभर सीसी, मागे लशीच्या डब्याच्या मापाची लोखंडी चौकट जोडलेली. मोटरसायकलला इतकी नेमकी चौकट मी कुठे पाहिली नव्हती. इंजिनाखाली परात ठेवलेली होती आणि परातीत थेंब पडत होता. टप. मग बराच वेळ शांतता. मग टप.

"सगळी ताकद लावली होती ना?" मी विचारलं.

"मी लावली. मग माझ्या भावाने लावली. तो ऊस तोडतो."

"पुरेशी लावली नसेल."

हे वाक्य मी उच्चारलं, याला साक्षीदार म्हणून ती कोंबडी अजून जिवंत आहे.

मी माझा लांब दांड्याचा पाना काढला. बोल्टाला बसवला. समोर दोन-चार बाया, म्हातारे जमले होते, म्हणून थोडं भाषणही केलं: यंत्राला घाबरायचं नाही, यंत्र आपल्यासाठी आहे, वगैरे. मग पाय टेकवून ओढलं. बोल्ट फिरला. अजून ओढलं, अजून फिरला. मग आतून 'कुट्' असा बारीक आवाज आला आणि पाना एकदम हलका झाला.

"झाला घट्ट?" सविताबाईंनी विचारलं.

मी बोल्ट बोटाने फिरवून पाहिला. तो पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता.

"आटे गेले," मी म्हणालो.

"कुठे गेले?"

"बोल्टाचे नाहीत. इंजिनाचे. ज्यात बोल्ट बसतो ते."

मग थेंब पडायचा थांबला, कारण आता धार लागली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या, रजिस्टर घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या आणि मी चिंध्यांनी तेल पुसत असताना बुधवारची नावं वाचू लागल्या. रेशमा, दीड वर्ष. जयेश, नऊ महिने. सुनीलचं बाळ, नाव ठेवलेलं नाही, अडीच महिने. मला उद्देशून नाही, नुसतं तपासल्यासारखं. एकवीस नावं होती. तेल त्यांच्याआधी संपलं.

"माझी गाडी आहे ना," मी म्हणालो. "बुधवारी तिच्यावरून नेतो तुम्हाला."

त्यांनी 'शुद्ध शेंगदाणा' पाहिलं. "वाटेत तीनदा ओहोळ लागतो," म्हणाल्या.

मी लगेच जाऊन दाखवलं. पहिल्याच ओहोळात माझा खालून गेलेला सायलेन्सर धोंड्याला अडकला आणि मुळापासून निघाला. चार जणांनी गाडी उचलून काठावर ठेवली. त्यातल्या एका आजोबांनी सायलेन्सर पाण्यातून शोधून आणला, दोन्ही हातांवर आडवा धरून, अंत्ययात्रेला शोभेल इतक्या गंभीरपणे. गावात दुसरी गाडी? ज्यांच्याकडे धड गाड्या होत्या ते त्याच गाड्यांवरून आधीच मजुरीला गेले होते.

संध्याकाळी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ होती. ती सविताबाईंनी मला वाढली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"शहाद्याच्या अलीकडे एक बापू आहेत," जेवताना त्या म्हणाल्या. "लेथवाले. करतील. पण शिव्या देतात."

"देऊ देत."

"तुम्हालाच देणार आहेत. मी सांगणार आहे कोणी केलं ते."

मंगळवार, पुरुषोत्तमनगरच्या वाटेवर

सकाळी भाजीच्या पिकअपमध्ये गाडी आडवी टाकली आणि तिच्यासोबत आम्ही दोघं. पुरुषोत्तमनगर जवळ आलं की हवाच गोड होते. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या रांगेतला एक तरी ट्रॅक्टर बंद. त्या बंद ट्रॅक्टरांवर ज्याचं दुकान चालतं ते नगीनबापू. गुजर शेतकरी, जन्म इथला, उमेदीची सगळी वर्षं सुरतेच्या एका मिलमध्ये फिटर म्हणून घालवली, आणि म्हातारपणी केळीच्या बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मांडून बसलेत. अंगात बनियन, डोळ्याला दोरा बांधलेला चष्मा.

बापूंनी आधी बोल्टाकडे पाहिलंच नाही. गाडीभोवती फेरी मारली. टाकीवर टिचकी मारून ऐकली. पुढचं चाक हलवून पाहिलं, चेन उचलून पाहिली, इंजिनाच्या पात्यांवरून अंगठा फिरवला.

"सारंगखेडानी जत्रामा घोडं लेतस तशी देखी ऱ्हायनू," ते मला म्हणाले. "जनावर चांगलं शे. पत्रा पातय शे, पन हाडं मजबूत शेत. कंपनीनी आते हाडंवर पैसा कमी नि कातडीवर जास्ती लावा. हाई पाच वरीस आगोदरनी, म्हनीसन वाचनी." मग खाली वाकले, भोक पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हाई कोनी करं?"

सविताबाईंनी बोट केलं.

पुढच्या वाक्यांचं भाषांतर मी करणार नाही. त्यांत माझी आई येत होती, आणि आईला हा लेख मी वाचायला देणार आहे.

राग ओसरल्यावर बापूंनी विचारलं, "पहिले तेल गये कसाले? वायसर कोठे शे?"

मी जुनं तांब्याचं वायसर दिलं. त्यांनी ते टेबलावर टाकलं, ते खण्ण वाजलं.

"आवाज आयका? तांबं कडक व्हयेल शे. एकदाव दाबाय गये का ते कडक व्हस. मंग कितीबी आवळ, ते बठत नही, तेल भाईर. तू बोल्ट आवळी ऱ्हायना, नि बिमारी वायसरले."

"म्हणजे नवं आणायला हवं होतं," मी मान खाली घालून म्हणालो. कंपनी जिंकली होती. कलम तीन मेलं होतं.

"नवं कसाले?" बापू एकदम चिडले. त्यांनी वायसर तारेला अडकवलं, स्टोव्हच्या ज्योतीत धरलं, लाल झालं तसं पाण्यात टाकलं. चुर्रर्र. मग बाहेर काढून माझ्या हातात दिलं. "आते वाकाड."

मी दोन बोटांत दाबलं. ते भाकरीच्या काठासारखं वाकलं.

मला त्या क्षणी किती आनंद झाला ते सांगता येत नाही. कलम तीन जिवंत होतं! फक्त एक स्टोव्ह कमी पडला होता.

पण भोक आता बिघडलेलं होतं, त्यामुळे हे वायसर नुसतं शिकवण्यापुरतं. बापूंनी भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायला टॅप घेतला. टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे कातरण त्याला चिकटेल, इंजिनात जाणार नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. त्यांच्या त्या हाताकडे पाहताना मी भाषण करायचं विसरलो, हे माझ्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे. नवा बोल्ट त्यांनी लेथवर उतरवला, तांब्याच्या जुन्या पट्टीतून वायसर कापलं, तापवलं, विझवलं.

आवळायची वेळ आली तेव्हा मी सवयीने पुढे झालो.

"तू बठ!" बापू म्हणाले. "बहीन, तू ये. गाडी तुन्ही शे."

त्यांनी भिंतीवरचा पाना काढून सविताबाईंना दिला, आणि तेव्हा मला दिसलं. भिंतीवर टांगलेल्या सगळ्या पान्यांचे दांडे कापलेले होते. लांबलचक चांगले पाने, आणि प्रत्येकाची शेपूट छाटून जेमतेम चार बोटं ठेवलेली. एखाद्या वेड्याने केल्यासारखं दिसत होतं ते.

"बापू, हे कशाला?"

"मन्हा हातमा ताकद व्हती. जवान व्हतू, तुन्हासारखा. सुरतले नवा नवा गऊ नि पहिल्याच महिनामा तीन बोल्ट मोडात. उस्तादनी माले काही म्हनं नही. मन्हा पाना लिसन दांडा कापी टाका. तैन्हपासून मी सगळास्ना कापस."

दांडा आखूड झाला की हात जोर करायला गेला तरी करू शकत नाही. बास, इतकंच. या शेडमध्ये संयम कुणाच्या स्वभावावर सोडलेलाच नव्हता, तो करवतीने कापून ठेवला होता.

मला राहवलं नाही. "पण बापू, ढिला राहिला तर?"

"ढिला ऱ्हायना ते थेंब पडी. तुले दिखी. परत आवळ. जास्ती आवळा ते काहीच दिखाव नही, आटा मझारमा मरी जाई." त्यांनी सविताबाईंकडे वळून दोन बोटं दाखवली. "बोल्ट बठना असं वाटनं का, दोन बोटंना जोर. बास."

सविताबाईंनी आवळलं. एकदा थांबल्या, बोटांना काय जाणवतंय ते पाहिलं, आणि आणखी किंचित. मग पाना खाली ठेवला. माझं अंग वळवळत होतं. अजून अर्धा फेरा सहज गेला असता!

नवं तेल भरून झाल्यावर बापूंनी माझं पत्रक मागून घेतलं, पूर्ण वाचलं, ओठ हलवत. "बाकी बराबर लिखेल शे," म्हणाले. "चौथं तू लिखेल नही. तुन्ही छाती लिखेल शे." मग कागद अंगठ्याने चोळून पाहिला. "कागद चांगला शे. तेल चोखी. रातले इंजिनखाले ठेवजो, बहीन. सकायले कोरा ऱ्हायना ते पास."

निघताना त्यांनी एक शेपूटतुटका पाना सविताबाईंना दिला. मला काही दिलं नाही. उलट माझा लांब पाना मागितला, शिकंज्यात धरला, आणि करवत माझ्या हातात दिली. इतकी वर्षं त्या पान्याचा दांडा हीच माझी विचारसरणी होती. कापायला बराच वेळ लागला.

बुधवार, पाडा

सकाळी ओट्यावर आम्ही दोघं एकदमच खाली वाकलो. इंजिनाखाली 'आपली गाडी, आपला पाना' पसरलेलं होतं, वर चार कोपऱ्यांवर चार खडे. कागदावर कोंबडीच्या पावलांचे तीन ठसे होते. तेलाचा एकही नव्हता.

सविताबाईंनी खडे बाजूला केले. मोठ्या दवाखान्यातून आलेला डबा चौकटीत बसवला, पट्टा ओढला, ओढणी कमरेला बांधली.

"तुम्ही चालत या," म्हणाल्या. "वजन नको."

त्या पहिला ओहोळ पार करून गेल्या तेव्हा पाणी इंजिनाच्या पोटाला लागत होतं. मी काठावर उभा राहून त्या एका बोल्टाचा विचार करत होतो. आयुष्यात इतक्या लहान वस्तूचा इतका वेळ मी कधी विचार केला नव्हता.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा निम्मी पोरं रडून झाली होती. घरांसमोर गाठोडी बांधलेली, भांडी पोत्यांत, कोयते चिंध्यांत गुंडाळलेले. जाणाऱ्यांची घाई होती, तरी आया रांगेत उभ्या होत्या. सविताबाई प्रत्येकीशी पावरीत बोलत होत्या आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात देत होत्या. तिकडे उसाच्या फडात कुणी नर्स आली तर दाखवायला. मला काम मिळालं ते पोरांचे पाय धरायचं. पाच वर्षांची एक मुलगी होती, रेणू, तिचा मात्र दंड धरला. तिने सुईकडे पाहिलंच नाही. सुई टोचेपर्यंत आणि टोचल्यावरही ती फक्त माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत माझ्याविषयी जे होतं ते कुठल्याही गिरणीमालकाविषयी आमच्या आईनेसुद्धा लिहिलेलं नाही.

एकवीसची एकवीस नावं झाली. शेवटचं, नाव नसलेलं बाळ, टोचल्यावर क्षणभर विचारात पडलं आणि मग पाडा दणाणून सोडला.

पाड्याच्या वरच्या टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली फोन लागतो असं कळलं. तिथून आईला फोन केला. चौथं कलम बदलतोय, म्हणून सांगितलं.

"बदलतोयस म्हणजे?"

"चुकलं होतं. शुद्धिपत्रक काढतो."

"आपल्या घरात आजवर शुद्धिपत्रक निघालेलं नाही," आई म्हणाली.

"एका सिस्टरचं इंजिन फुटलं आई, त्या कलमामुळे."

"नवं कलम काय?"

"बसला असं वाटलं की दोन बोटांचा जोर. बास."

"घोषणा होत नाही त्याची," आई म्हणाली. मग, "वायसरचं तरी तसंच ठेवलंयस ना?"

"त्यात स्टोव्ह घातलाय."

"मग चालेल."

गुरुवार, उतरताना

सायलेन्सर तारेने बांधला होता, त्यामुळे माझी गाडी सुरू केली तशी कोंबडी छपरावर गेली. सविताबाईंनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. दोन रात्री इंजिनाखाली राहिलेलं माझं पत्रक.

"घ्या सर. कोरं आहे."

उघडून पाहिलं. पावलांचे ठसे पाच झाले होते. चौथ्या कलमावर पेनाची एक सरळ रेघ होती. रेघेच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं, नुसती दोन बोटं काढली होती, लसीकरणाच्या तक्त्यावर असतात तशी, नखांसकट.

"पुढच्या वेळी वेल्डरकडून सायलेन्सर वर उचलून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि येण्याआधी फोन करा. पाने लपवून ठेवते."

घाटाच्या वळणावर मागून ट्रक आला. मी गाडी कडेला घेतली. ट्रकमध्ये माणसं दाटीवाटीने बसलेली, गाठोडी, घागरी, दोन शेळ्या, आणि आयांच्या मांडीवर पोरं. कडेच्या फळीला धरून रेणू उभी होती. तिने मला ओळखलं. एका हाताने फळी पकडून दुसऱ्या हाताने तिने दंड चोळला, सावकाश, मला नीट दिसेल असा.

मग तिने जीभ बाहेर काढली, आणि ट्रक वळेपर्यंत आत घेतली नाही.